चांदभाई, मी वाचलं ते छापलेलं नव्हतं

चांदभाई, गाडीला उशीर झाल्यामुळे तुमच्या मयतीला पोचता आलं नाही, असं मी अमरावतीत सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. अकोल्याहून सुटलेली गाडी बडनेऱ्याला वेळेवर आली होती. अमरावतीची गाडी पलीकडे उभी होती. मी उतरलो, नळावर तोंड धुतलं आणि फलाटावरच्या बाकावर बसलो. ती गाडी गेली. मग दुसरी गेली. पायी निघालो असतो तरी तुमच्यावर मूठभर माती टाकायला पोचलो असतो. पण कबरस्तानात तुमचे लोक मला हात धरून पुढे नेतील, ‘या मास्तर, तुमी त्याईचे खास,’ असं म्हणतील आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल, याची मला धास्ती वाटली. दुपार कलली, तुम्हाला मातीआड केलं असणार याची खात्री झाली, तेव्हा मी उठलो.

तुम्ही असता तर एवढंच म्हणाला असता, “बसला तर बसला. च्या तरी पेला काय?”

तुमच्याशी माझी ओळख झाली तेव्हा मी हायस्कुलात नुकताच मास्तर लागलो होतो. माळ्याचा मुलगा. राजापेठेच्या पलीकडे आमची वांग्यांची आणि शेवंतीची वाडी. घरात इंग्रजी शिकलेला मी पहिलाच. थेटरवाल्या शेठला इंग्रजी वाचणारा माणूस पाहिजे होता. तंबू जाऊन नुकतंच टिनाचं थेटर झालं होतं आणि शेठ कुठून कुठून विलायती खेळ आणायचा. जर्मनीचे, फ्रान्सचे, अमेरिकेचे, एकदोन तर कुठल्या देशाचे तेही कळायचं नाही. मधूनमधून पडद्यावर पाटी यायची, ती इंग्रजी. अमरावतीच्या बाजारातली माणसं ती काय वाचणार? म्हणून पडद्याशेजारी तुम्ही उभे राहायचे, हातात वेताची छडी, आणि सगळा खेळ सांगायचे. पण तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, आणि मराठीही वाचता येत नव्हती. तेव्हा शुक्रवारी सकाळी शाळेआधी शेठ रिकाम्या थेटरात तुमच्यासाठी एकदा खेळ चालवायचा, आणि मी शेजारी बसून पाट्या वाचून तुम्हाला अर्थ सांगायचा, असं ठरलं.

पहिल्या शुक्रवारी तुम्ही दुकानातून तसेच उठून आला होता. दाढीत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू. दिवसभर गाद्या-रजयांचा कापूस पिंजणारा माणूस संध्याकाळी विलायती कला समजावून सांगतो, याचं मला हसू आलं होतं. ते मी दाबलं. तुम्ही ते पाहिलं असणार, कारण तुम्ही सगळंच पाहायचे.

त्या खेळात बर्फ पडत होता आणि त्यातून एक म्हातारी चालली होती. तुम्ही विचारलं, “हे पांढरं काय पडून राहिलं?”

“बर्फ.”

“बर्फ तं सोडावाल्यापाशी असते. लादी असते त्याची.”

“हा आभाळातून पडतो. मऊ असतो.”

“तू पाह्यला?”

“नाही. पुस्तकात वाचलं.”

“मंग दोघाईलेबी नाई माहीत,” तुम्ही म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागला.

संध्याकाळी मी मुद्दाम खेळाला आलो, तुमची फजिती पाहायला. तुम्ही छडी वर केली आणि म्हणाला, “बाप्पाहो, बायाहो, हे पांढरं जे उडून राहिलं ना, हे माह्या दुकानात कापूस उडते तसंच उडते. पन हे थंडं हाय. अंगावर बसलं का पानी होते. आपल्या इकडं गरीब मानूस ऊनानं मरते, थ्या मुलखात ह्याच्यानं मरते. आता म्हातारीचे पाय पाहा.”

सगळ्या थेटरानं म्हातारीचे पाय पाहिले. ती अनवाणी होती. मी सकाळी तोच खेळ पाहिला होता, प्रत्येक पाटी वाचली होती आणि तिच्या पायात काही नाही हे मला दिसलं नव्हतं. बायकांच्या पडद्याआडून कोणीतरी ‘अगं माय’ म्हणालं. तो आवाज माझ्या आईचा होता. भाजी विकून ती परस्पर तिकडे आली होती, हे मला तेव्हा कळलं.

नंतरची तीन वर्षं मी तुमच्याकडे शिकलो. शाळेतून सुटलो की तुमच्या दुकानी. तुमची कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकलेली, भाभींनी आतून पाठवलेला चहा, आणि आपण दोघं आठवड्याचा खेळ पुन्हा उलगडत बसलेले. “पाटी वाचू नको इतक्यांदा,” तुम्ही म्हणायचे. “पाटी खोटं बोलते. तोंडबी बोलते. हात नाई बोलत खोटं.” खाणीत माणसं गाडली जातात त्या फ्रेंच खेळात दाराशी बायका उभ्या असतात, कोणाचा नवरा मेला हे पाटी यायच्या आधी तुम्ही सांगितलं होतं, कारण एका बाईनं पदरासारखं ते जे काय गुंडाळलेलं असतं ते सोडून दिलं होतं. साहेब मडमेचा मुका घ्यायला लागला की थेटरात शिट्ट्या वाजायच्या. तुम्ही छडी आपटून शांतपणे सांगायचे, “थ्या मुलखात रामराम असाच असते. होऊ द्या त्याईचा रामराम.” लोक हसायचे आणि गप्प व्हायचे, आणि मग त्या दोघांमधलं जे नाजूक होतं ते पाहता यायचं.

मी एकदा विचारलं होतं, एवढं तुम्हाला दिसतं कसं? तुम्ही म्हणाला, “मी शिनेमा कमी पाह्यतो. पडद्याले माही पाठच असते अर्धी. लोकाईचे तोंडं पाह्यतो. थे जिथं गप होतेत, तिथं काही तरी हाय म्हनून समजाचं.”

आपलं भांडण झालं ते नावाडणीच्या खेळावरून. नदीवर नाव चालवणारी बाई. तिचा मुलगा बापाला आजारात टाकून पळून गेलेला, दहा वर्षांनी कोटबिट घालून परत येतो. ती त्याला ओळखते, नावेतून पलीकडे नेते, घरी आणते, जेवायला वाढते. मग पाटी येते. मी वाचली, ‘आणि आईने क्षमा केली.’

“नाई केली,” तुम्ही म्हणाला.

“चांदभाई, स्पष्ट लिहिलं आहे.”

“लिहिनाऱ्यानं शिनेमा पाह्यला होता काय? ताट वाढलं तिनं. पन सोबत बसली काय? खिडकीपाशी उभी राहून खाल्लं. पोटच्या पोरासंग दहा वर्सानं जेवाले भेटलं, अन् उभ्यानं खाते?”

“तिकडे पद्धत असेल तशी.”

“उपाशी ठेवता येत नाई म्हनून वाढते मानूस. माफ करनं अलग असते.”

आठ दिवस आपण त्यावर भांडलो. मला राग आला होता तो हरण्याचा. माझ्याकडे इंग्रजी होतं, पाटी माझ्या बाजूनं होती, तरी तुम्ही हलत नव्हता. आणि संध्याकाळी तुम्ही लोकांना काय सांगितलं ते मला अजून आठवतं. “पाटीवर लिहेल हाय का मायनं माफ केलं. मास्तरनं वाचलं, म्हंजे बरोबरच हाय. आता मायकडं पाहा अन् तुमचं तुमी ठरवा.” माझा मानही राखला आणि लोकांना डोळेही दिले. घरी जाताना आई म्हणाली होती, “नाई केलं माफ. मीबी नसतं केलं.”

आता पुढचं सांगतो. ते तुम्हाला ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाही.

गावात एक साप्ताहिक निघायचं. त्याचे संपादक पुण्याकडून आलेले, बोलणं कसं धुतल्या धोतरासारखं स्वच्छ. त्यांच्यापुढे मी ‘मले’ म्हणायचं सोडलं, ‘मला’ म्हणू लागलो. ‘काऊन’ तोंडातून निसटलं की ते हलकेच हसायचे, आणि त्या हसण्यानं मी रात्रभर जळायचो. त्यांनी मला विलायती चित्रपटांवर लिहायला सांगितलं. ‘चित्ररसिक’ या नावानं मी लिहू लागलो. लोक म्हणायचे, या मास्तरची नजर काय आहे! म्हातारीचे अनवाणी पाय मी लिहिले. खाणीच्या दारातली बाई मी लिहिली. एकाही लेखात तुमचं नाव नाही. दुकानात बसून तुम्ही कापूस पिंजत बोलायचे, मी घरी जाऊन ते शुद्ध मराठीत उतरवायचो. संपादकांनी एकदा विचारलं, “हे तुम्हांला सुचतं कसं?” मी म्हणालो, “पाहता पाहता सुचतं.”

मग एका संध्याकाळी ते त्यांच्या पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन खेळाला आले. योगायोगानं नावाडणीचाच खेळ होता, लोकांच्या मागणीवरून परत लावलेला. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तुम्ही सांगू लागला आणि पाहुणे हसायला लागले. तुमच्या ‘थ्या मुलखात’ला हसले, कापसाला हसले. संपादक माझ्या कानाशी म्हणाले, “हा प्राणी कोण?”

मी म्हणालो, “आहे एक पिंजारी.”

त्याच वेळी तुम्ही पडद्याशेजारून मला ओळखून छडी जराशी वर केली, नेहमीसारखी. मी खाली पाहिलं.

त्या आठवड्याच्या लेखाच्या शेवटी मी चार ओळी लिहिल्या. संपादकांनी सांगितल्या नव्हत्या. फक्त म्हणाले होते, “याबद्दल कुणीतरी लिहायला हवं.” मी लिहिलं: ‘परदेशी चित्रपटकलेचा आस्वाद आपल्या नगरीत एका अडाणी पिंजाऱ्याच्या तोंडून घ्यावा लागतो, हे आपले दुर्दैव होय. ज्याला हिम म्हणजे कापूस वाटतो आणि क्षमा म्हणजे सूड, त्याच्या बडबडीने चित्राचा विचका होतो. सुशिक्षित प्रेक्षकांनी हे किती दिवस सोसावे? थेटरचालकांनी विचार करावा.’

तुम्ही सूड म्हणालाच नव्हता. तेही मी खोटं लिहिलं.

अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाशी आला. पहिल्यांदाच. धुतलेला सदरा, डोळ्यांत सुरमा, बगलेत अंक. पानवाल्यानं तुम्हाला सांगितलं होतं, ‘तुमच्या मास्तरनं पेपरात तुमच्यावर लिहिलं.’ त्यानं वाचलं नव्हतं. कोणी म्हणालं तेवढं ऐकलं होतं.

“काऊन नाई सांगितलं मले?” तुम्ही म्हणाला. तुम्ही हसत होता. “माह्यावर लिहितो अन् मलेच नाई सांगत. वाच.”

मी म्हणालो, शाळा आहे, नंतर वाचतो. तुम्ही म्हणाला, सुटू दे, मी थांबतो. आणि तुम्ही खरंच थांबलात, कडूनिंबाखाली, दोन तास. वर्गात शिकवताना खिडकीतून मला तुम्ही दिसत होता. अंक तुम्ही एकदा उघडला, पान नीट केलं, परत मिटला.

मग आपण दुकानी गेलो. तुमची हलीमा तेव्हा दहाएक वर्षांची, दाराच्या चौकटीला टेकून उभी. तुम्ही भाभींना हाक मारली, त्या आतल्या पडद्याआड येऊन बसल्या. तुम्ही पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर कापड टाकून मला उंच बसवलं. मी अंक उघडला, त्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि वाचलं, “परदेशी चित्रपटकलेचा आस्वाद आपल्या नगरीत चांदभाईंच्या तोंडून घेता येतो, हे आपले भाग्य होय. त्यांना हिमाचा कापूस करता येतो आणि क्षमेचा अर्थ सांगता येतो. त्यांच्या बोलण्याने चित्राला डोळे फुटतात. सुशिक्षित प्रेक्षकांनी हे शिकावे. थेटरचालकांनी त्यांचा मान राखावा.”

माझी जीभ अडखळली नाही. ते तुमच्याबद्दलचं खरं मत होतं, म्हणून सहज आलं. मी तेच लिहायला हवं होतं. मला ते येत होतं, चांदभाई. जागेवर, एका दमात, येत होतं.

तुम्ही म्हणाला, “डोळे फुटतेत. हे चांगलं लिहिलं.” भाभी आतून म्हणाल्या, “अल्ला भलं करो.” मला शिरखुर्मा दिला, ईद नसताना. वाचताना तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता की हातांकडे, हे मी पाहिलं नाही. माझी नजर कागदावरून हलली नव्हती.

पुढच्या आठवड्यात शेठनं तुम्हाला ‘आता नको’ म्हटलं. पेपरात आलं, मोठे लोक नाराज आहेत, म्हणाला. पाट्यांसाठी त्यानं कोणालाच ठेवलं नाही. विलायती खेळाला बाजारातली माणसं येईनाशी झाली. माझी आई दोनदा गेली, तिसऱ्यांदा नाही. “आता कोन सांगन?” म्हणाली. ज्यानं तुमचं सांगणं बंद केलं त्याच्याच ताटात ती भाकर वाढत होती. तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दीड वर्षानं बोलपट आले. मग मी स्वतःला सांगू लागलो की तुमचं काम बोलपटांनी घेतलं, आज ना उद्या जाणारच होतं. लोकही तसंच म्हणू लागले. मी ते इतक्यांदा म्हटलं की मधलं दीड वर्ष माझ्या मनातून पुसून गेलं. पण तुम्ही ती दीड वर्षं काढली. संध्याकाळी खेळाच्या वेळी तुम्ही दुकान बंद करायचे आणि घराच्या ओट्यावर नुसते बसायचे, असं भाभींनी एकदा सहज सांगितलं. मी विषय बदलला.

तुम्ही मला तोडलं नाही. दुकानी गेलो की “ये दत्तू” तसंच. जेवणाची वेळ असली तर ताट यायचं. आज मी आठवून पाहतो, तुम्ही सोबत बसून जेवायचे का? आठवत नाही. तीन वर्षं तुमच्याकडे पाहायला शिकलो, आणि एवढं मी पाहिलं नाही.

माझी बदली अकोल्याला झाली. एकदा तुमच्या पुतणीच्या लग्नासाठी तुम्ही तिकडे आला आणि दुपारी थेट माझ्या खोलीवर. अकोल्यात तेव्हा एक इंग्रजी बोलपट लागला होता. तुम्ही म्हणाला, “चाल.” मी म्हणालो, “सगळं इंग्रजीत आहे. मी हळूहळू सांगत जातो तुम्हाला.”

“नको,” तुम्ही म्हणाला. “मले दिसते.”

अर्ध्या रिकाम्या थेटरात आपण तीनचा खेळ पाहिला. म्हातारा संगीत शिकवणारा, त्याचे कान जात चाललेले, आणि तो ते आपल्या शिष्येपासून लपवत असतो. शेवटी तो रडत कबूल करतो. मला त्यातलं प्रत्येक वाक्य कळलं. बाहेर उन्हात आल्यावर मी म्हणालो, “तिला किती उशिरा कळलं.”

“पयल्यापासून माहीत होतं तिले,” तुम्ही म्हणाला. “बोलाच्या आंधी त्याच्या खांद्याले हात लावे ना. पयल्याच वक्ताले लावला. बहिऱ्याले बोलवाचं असंन तं असंच बोलवतेत.”

“मग ती बोलली का नाही?”

“काय बोलन? त्याचीबी काही इज्जत हाय ना.”

आपण ताजनापेठेतून स्टेशनकडे चालत होतो. मी थांबलो. माझ्या तोंडात आलं होतं, चांदभाई. मी ‘चांदभाई’ म्हणालोही. तुम्ही वळून उभे राहिला आणि म्हणाला, “बोल.” घाई केली नाही. गाडीला वेळ होता. टांगेवाला मागून ओरडला तर तुम्ही मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि पुन्हा उभे राहिला.

मी विचारलं, “रजईचा कापूस यंदा कसा आहे?”

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. “बरा हाय,” म्हणाला. मग आपण स्टेशनवर गेलो.

ती आपली शेवटची भेट.

परवा बडनेऱ्याच्या बाकावरून उठून मी तुमच्या घरी गेलो. पुरुष परतले होते. हलीमा धामणगावहून आली होती. आता तिला दोन मुली आहेत. तिनं पाणी दिलं. मी गाडीचं कारण सांगितलं. ती म्हणाली, “बसा.” भाभी आत होत्या. मग ती माझ्यासमोर बसली आणि खाली पाहून हळू आवाजात बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणून मला जास्त अवघड झालं.

“अब्बाले माहीत होतं, मास्तर. तुमी गेल्यावर त्याच दिवशी त्याईनं मले पेपर देला. म्हनले, मास्तरनं वाचलं थे पुन्हा वाच. मी मराठी चौथीत होती. मी वाचलं. जे होतं थे वाचलं. अब्बा म्हनले, तुले अजून वाचता येत नाई. मी पुन्हा वाचलं. मंग रागावले माह्यावर. शाळेत काय शिकवतेत म्हनले. मी रडली. मले वाटलं खरंच मले वाचता येत नाई.”

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“चार दिवसांनी, शेठनं नाई म्हटलं ना, त्या दिवशी अब्बानं मले जवळ घेतलं. म्हनले, तू बरोबर वाचलं होतं बेटा. अन् कोनाले सांगू नको म्हनले. मास्तर लहान हाय अजून.”

मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. लहान नव्हतो.

मी तिला म्हणालो, मला हे सगळं लिहायचं आहे. छापायचं आहे, माझ्या खऱ्या नावानं, जे केलं ते सगळं. अमरावतीत अजून ते थेटर आठवणारे लोक आहेत, त्यांना कळलं पाहिजे. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्या टायमाले तुमी इचारलं नव्हतं. आता इचारून राहिले, तं सांगते. आंधी अम्मीले वाचून दाखवा. अम्मी हो म्हनली तं छापा.”

म्हणून हे लिहिलं. वर लिहिलं आहे ते सगळं मी आज दुपारी तुमच्या घरी नेलं. भाभी पडद्याआड बसल्या, हलीमा उंबऱ्यावर. मी चटईवर बसून वाचलं. बडनेऱ्याचा बाक वाचला. ‘आहे एक पिंजारी’ वाचलं. हलीमा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती आणि कागदावर ओळीनं डोळे फिरवत होती. तिचा माझ्यावर विश्वास नाही. नसावाच.

वाचून झालं. भाभी म्हणाल्या, “पेपरातलं थे एकदा पुन्हा वाचा. तुमी छापलं थे.”

मी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या.

“झालं?”

“हो, भाभी.”

“इतकंच होतं?” त्या म्हणाल्या. “शेठनं पेपराचं म्हनलं होतं, पन मरेपर्यंत मले सांगितलं नाई त्याईनं. आठ आठ दिवस नीट जेवत नोते. रात्री उठून बसत. मले वाटलं, काई तरी लय मोठं लिहिलं असंन.”